भोंग्याला लावलेल्या तारा

साखर कारखान्याचा भोंगा इतका लहान असेल असं मला कधीच वाटलं नव्हतं. सगळ्या श्रीरामपुरावर, आजूबाजूच्या वस्त्यांवर आणि उसाच्या फडांवर ज्याचा आवाज पसरायचा तो निदान बैलगाडीएवढा तरी असणार, अशी माझी लहानपणापासूनची समजूत. आणि आता अन्वरभाईंच्या भंगाराच्या आवारात, गंजलेले पत्रे आणि मोडके पंप यांच्या मधोमध, कळशीएवढं एक पितळी नळकांडं पडलेलं. वर हिरवट डाग. माझा जुना मित्र याकोब त्याच्याजवळ उकिडवा बसून खांद्यावरच्या टॉवेलानं ते पुसत होता.

"ह्योच त्यो," तो ओरडला. ऐकू येत नाही म्हणून तो हल्ली ओरडूनच बोलतो. "येवढासा! आन् आपन ह्याच्या नावानं तारा पिळायचो!"

मला हसू आलं.

मी इथे आलो होतो ते एस्तेरवहिनींचा फोन आला म्हणून. एस्तेरवहिनी म्हणजे याकोबची बायको. "भाऊजी, यांचा उरलेला एक कानपन गेला," त्या म्हणाल्या. "डॉक्टर म्हनले आता काय उपेग न्हाई. तुमी त्या गान्याचं इचारत व्हता ना मागं? यायचं आसंल तर या. अजून गुणगुणत्यात. पुढचं कुनी सांगावं?"

ते गाणं. त्याच्यासाठी मी पुण्याहून आलो होतो, खिशात मोबाईल चार्ज करून. आमच्या बँडचं ते एकुलतं एक स्वतःचं गाणं, आणि त्याची चाल माझ्या डोक्यातून कधीच निसटली होती. शब्द आठवत होते. माझा स्वतःचा तुकडा तर मला झोपेतसुद्धा वाजवता येईल, असं मी बायकोला, मुलांना, ऑफिसातल्या लोकांना वर्षानुवर्षं सांगत आलो होतो. बाकीचं सगळं याकोबकडे. त्याचं आणि माझं एकत्र केलं की गाणं पुरं होणार होतं. मोबाईलमध्ये एकदा भरून घेतलं की झालं, एवढाच माझा हिशोब.

आमच्या बँडचं नाव होतं ‘बॉयलर’. आम्ही तिघं. याकोब गिटार वाजवायचा आणि गायचा, बाळू ड्रम बडवायचा, आणि मी बास गिटार. नाव बाळूनं ठेवलं होतं, कारण त्याचे वडील कारखान्यात बॉयलरवर होते आणि त्याच्या मते जगात त्याहून भारी आवाज कशाचाच नव्हता. माझे वडील त्याच कारखान्याच्या कचेरीत कारकून. ते भोंग्यावर घड्याळ लावायचे. आमची तालीम एकदाच ऐकून ते दारातून परत फिरले आणि घरी येऊन आईला म्हणाले, "गाणं काय कळलं नाही. क्रशर मात्र चांगला चाललाय."

तालीम चालायची एका बंद पडलेल्या जिनिंगच्या शेडमध्ये. शेडचा मालक याकोबच्या वडिलांच्या ओळखीचा. कोपऱ्यात कापसाच्या जुन्या गाठी पडलेल्या. आम्ही त्या ओढून भिंतींना लावल्या, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून. आवाज जायचाच. पण आत एक वेगळीच शांतता भरून राहायची. बाळूनं काडी उगारली की ती पडण्याआधीच्या क्षणाला मला माझा श्वास ऐकू यायचा. सरकीचा तेलकट, खमंग वास. एकदा दणका सुरू झाला की पत्र्यावरची, तुळयांवरची जुनी रुई सुटून खाली यायला लागायची. आमच्या केसांत, याकोबच्या पापण्यांवर, गिटारच्या तारांखाली. तास-दोन तास वाजवून बाहेर आलो की आम्ही तिघंही म्हातारे दिसायचो. एस्तेरवहिनी तेव्हा वहिनी झाल्या नव्हत्या, शेडच्या बाजूच्या आळीत राहायच्या. त्या आम्हाला बघून हसायच्या आणि म्हणायच्या, "आले पिंजारी!" याकोब लाजायचा. डोक्यातली रुई तो मग मुद्दाम झटकायचा नाही.

सामान सगळं असंतसंच. अॅम्प्लिफायर रेडिओ दुरुस्त करणाऱ्या एकाकडून बांधून घेतलेला, फळ्या चहाच्या खोक्याच्या. त्याला हात लावला की झिणझिण्या यायच्या, म्हणून त्याच्याजवळ जाताना स्लिपर घालायची असा कायदा होता. बाळूचा मोठा ड्रम लग्नाच्या बँडवाल्यांनी टाकून दिलेला. त्याच्या कातड्यावर कुणीतरी रंगवलेला मोर अजून अर्धा शिल्लक होता. बाळू नेमका त्या मोराच्या पोटात पाय मारायचा.

आणि गिटार सुरात लावायला आमच्याकडे काहीच नव्हतं. पेटी नव्हती, पियानो तर सिनेमात. मग याकोबनंच ही युक्ती काढली. गळीत हंगाम सुरू असला की दुपारच्या पाळीचा भोंगा व्हायचा. त्याच्या आधी आम्ही शेडच्या दारात येऊन बसायचो, गिटार मांडीवर, बोटं खुंटीवर. हवेत मळीचा गोड, आंबूस वास. गप्पा बंद. अगदी सशाची वाट बघणाऱ्या शिकाऱ्यांसारखे. आणि मग तो यायचा, आधी घशात खाकरल्यासारखा, मग सरळ, लांबच लांब. "धर!" याकोब ओरडायचा. तो त्याची जाड तार भोंग्याला मिळवायचा, मी माझी. भोंगा थांबायच्या आत लागली तर लागली. नंतर बाकीच्या तारा त्या एकीवरून. वर्षभर आमचा सूर म्हणजे कारखान्याचा सूर. हंगाम संपला, धुराडं थंड झालं की याकोब तो सूर तोंडात धरून ठेवायचा. पावसाळ्यात कधीही विचारा, तो डोळे मिटून भोंगा लावायचा, हुबेहूब. पुढच्या हंगामाचा पहिला भोंगा झाला की आम्ही पळत शेडमध्ये जाऊन ताडून बघायचो. केसभर फरक नसायचा. तेव्हा त्याचे कान असे होते.

आता अन्वरभाईंच्या आवारात बसलेल्या याकोबच्या कानांकडे मी बघत होतो. मोठे, लोंबलेले, केसाळ. त्यांच्यात काही बिघडलंय असं वरून दिसतसुद्धा नव्हतं.

नाताळात चर्चच्या आवारात मंडप पडायचा. एका वर्षी पंच मंडळींनी आम्हाला तिथे वाजवायची परवानगी दिली. त्यांना वाटलं असावं, पोरं गिटारवर भक्तिगीतं म्हणतील. आम्ही आधी एक म्हटलंही. मग याकोबनं मागे वळून बाळूकडे बघितलं आणि आमचं गाणं सुरू झालं. मंडपवाल्याचे कर्णे आमच्या अॅम्प्लिफायरला जोडलेले. पहिल्याच दणक्याला घंटेच्या मनोऱ्यातली सगळी कबुतरं उडाली आणि संध्याकाळच्या उन्हात चकरा मारत राहिली. पुढच्या रांगेतली म्हातारी माणसं उठली. कुणीतरी करंज्यांचं ताट उचलून आत नेलं, जणू आवाजानं त्या फुटणार होत्या. याकोबची आई मात्र कानांवर पदर घट्ट दाबून पहिल्या रांगेत बसून राहिली, शेवटपर्यंत. कुणी तिला म्हटलं, "मावशी, उठा ना, डोकं उठंल." ती म्हणाली, "लई वाजतंय, पन माझंच हाय."

गाण्याचं नाव ‘राख’. हंगामात धुराड्यातून बगॅसची, म्हणजे बॉयलरमध्ये जाळलेल्या उसाच्या चिपाडाची, काळी राख उडायची आणि गावभर वाळत घातलेल्या कपड्यांवर बसायची. सगळ्यांच्या आया रोज संध्याकाळी कारखान्याच्या नावानं बोटं मोडत धुणं काढायच्या. याकोबनं त्याच्यावरच गाणं केलं:

वरून पडते काळी राख
आई, तुझं धुणं झाक

आता कागदावर लिहिलं की हे बडबडगीत वाटतं. पण याकोब ते ज्या आवाजात म्हणायचा! खालून, पोटातून ओढून, शेवटच्या ‘झाक’ला फाडून. वाटायचं, नुसत्या धुण्यावर नाही, आणखी कशावर तरी काहीतरी पडणार आहे आणि हा एकटाच ते बघतोय. दोन कडवी झाली की सगळं एकदम थांबायचं. गिटार, ड्रम, गळा, सगळं. आणि त्या शांततेत माझा बास एकटा यायचा. थोडेसेच सूर, वरून खाली, सावकाश. बाळू त्याला ‘मळीची धार’ म्हणायचा. तेवढा वेळ याकोब मान खाली घालून माझ्या बोटांकडे बघत असायचा, आणि धार संपली की पुन्हा ‘आई...’ म्हणून उठायचा. अख्ख्या गाण्यात तेवढी एक जागा माझी होती. तेवढ्यासाठी मी ती जड गिटार वाहिली.

ते गाणं कॅसेटवर घ्यायचा आम्ही प्रयत्न केला होता. बाळूच्या मामाचा टेपरेकॉर्डर शेडमध्ये आणला, गाठीवर ठेवला आणि नेहमीसारखं जीव खाऊन वाजवलं. लावून ऐकलं तर नुसती घरघर, दगडांनी भरलेला ट्रक चढ चढतोय तशी. टेपरेकॉर्डर लांब ठेवला, मग बाहेर ठेवला, मग त्याच्यावर गोधडी टाकली. घरघरच. याकोबला म्हटलं, जरा हळू वाजवू. तो म्हणाला, "हळू वाजीवलं तर ते हे गानं न्हाई." आम्हाला ते पटलं होतं. त्या वयात पटायचंच. आता वाटतं, एकदा, एकदाच हळू वाजवलं असतं तर काय बिघडलं असतं?

मग पुणं. कॉलेजांची कसलीशी स्पर्धा होती, बाहेरच्या बँडनाही घ्यायचे. आम्ही सकाळी भोंग्याला तारा लावल्या, गिटार गोधडीत गुंडाळल्या आणि एसटीनं निघालो. बाळूनं मोराचा ड्रम वर टपावर बांधला आणि प्रत्येक थांब्यावर उतरून तो आहे का बघत राहिला. मोठा हॉल, मखमली पडदा. आयोजकांचा एक कीबोर्डवाला होता, चांगला मुलगा. तो म्हणाला, तुमच्याबरोबर वाजवतो, भरीव होईल. त्यानं एक पट्टी दाबली, मग शेजारची, मग पुन्हा पहिली. आमच्याकडे बघितलं.

"तुमचा सूर कुठला आहे?" त्यानं विचारलं. "हा इथे नाहीच. दोन पट्ट्यांच्या मधे कुठेतरी आहे."

"कारखान्याचा हाय," याकोब म्हणाला.

"थोडा वर घ्या ना. पाच मिनिटांचं काम आहे."

मी खुंटीला हातसुद्धा लावला होता. याकोबनं मान हलवली. "आमचा भोंगा खालीवर होत न्हाई," तो म्हणाला, हसत नाही, भांडत नाही, एखादी साधी गोष्ट सांगावी तसा.

त्या मुलानं खांदे उडवले आणि तरी वाजवायला बसला. पुढचं काय सांगायचं? आम्ही एका सुरात, तो दुसऱ्या. हॉलमधले लोक आधी एकमेकांकडे बघायला लागले, मग हसायला. कुणीतरी मागून गाढवाचा आवाज काढला. याकोबचे डोळे मिटलेले होते, त्याला फक्त आमचं ऐकू येत असावं. ‘झाक’ त्यानं असं म्हटलं की माझ्या अंगावर काटा आला. हसणं थांबलं नाही. मळीच्या धारेच्या जागी सगळं थांबलं तेव्हा त्या शांततेत हशा आणखीच मोठा झाला, आणि माझी धार त्यात बुडाली. परत येताना नगरला एसटी थांबली तेव्हा बाळू टपावर ड्रम बघायला उतरला नाही.

त्यानंतर ‘बॉयलर’ कधी थांबला ते मला नेमकं सांगता येणार नाही. भांडण झालं नाही. एका हंगामात दुपारचा भोंगा झाला आणि दारात बसायला कुणी नव्हतं, एवढंच. मला नोकरी लागली, बास गिटार एका मुलाला दिली. बाळू वडिलांच्या जागी कारखान्यात चिकटला आणि कारखाना बंद पडायच्या आधीच गेला. त्याच्या मयतीला मी पोचलो तोवर सगळं आटपलं होतं. याकोब वरातीच्या गाड्यांवर वाजवायला लागला, मग डीजेच्या भिंतींपाशी उभा राहायला लागला, रोज, लग्नसराईभर. कान तिथेच गेले. एवढा मोठा आवाज आवडणाऱ्या माणसाला त्या आवाजानंच असं करावं, याचा मला अजून राग येतो. कुणावर काढायचा कळत नाही.

"अन्वरभाई," याकोबनं हाक मारली, "हवा आना!"

अन्वरभाई ट्रकच्या टायरसाठी ठेवलेल्या कॉम्प्रेसरचा पाइप ओढत आले. पांढरी दाढी, डोळ्यांत मिस्कीलपणा. "आठवडाभर माझ्या मागं लागलाय," ते मला म्हणाले. "म्हनतो भोंगा वाजीवल्याशिवाय गानं म्हननार न्हाई. मी म्हनलं, बाबा, ही वाफंवर वाजायची चीज हाय, हवंवर न्हाई वाजायची. पन ऐकंल तर ना!" आणि मग स्वतःच्याच बोलण्याची त्यांना लाज वाटली, त्यांनी मान फिरवली.

मी मोबाईल काढला, आवाज भरून घ्यायचं बटण दाबलं आणि पंपावर ठेवला. एस्तेरवहिनी आवाराच्या दारात उभ्या होत्या, पदर तोंडाशी धरून. याकोबनं दोन्ही तळवे भोंग्यावर ठेवले. अन्वरभाईंनी पाइप लावला. फुस्स झालं. मग जरा जोरात फुस्स. पितळ थरथरलं, त्यातून थोडी माती आणि एक वाळकं पान उडालं. सूर आला नाही. दम लागलेल्या माणसासारखी नुसती हवा.

मी याकोबकडे बघून मान हलवली, नाही म्हणून.

"वाजला की!" तो म्हणाला. "हाताला लागला."

आणि डोळे मिटून त्यानं गायला सुरुवात केली.

वरून पडते काळी राख...

आवाज पार चिरलेला. वरच्या जागा गेलेल्या. पण चाल! पहिल्याच ओळीला ती येऊन माझ्यासमोर उभी राहिली, रुईसकट, सरकीच्या वासासकट. हीच, हीच ती, मी मनात म्हणत होतो, कशी विसरलो मी? सूर तोच होता का, भोंग्याचाच, हे मला सांगता येत नाही. माझ्याजवळ ताडून बघायला काही नव्हतं. दोन्ही कडवी त्यानं म्हटली, एक शब्द न चुकवता. एस्तेरवहिनी रडत होत्या. अन्वरभाईंनी पाइप खाली ठेवला होता.

दुसरं कडवं संपलं आणि याकोब थांबला. मान खाली घातली. डोळे उघडून माझ्या बोटांकडे बघत राहिला.

मी तोंड उघडलं. मळीची धार गुणगुणायची होती, एवढंच. थोडेसेच सूर, वरून खाली. झोपेतसुद्धा येतील असे.

काही आलं नाही. पहिला सूरसुद्धा नाही. मी घसा खाकरला, पुन्हा प्रयत्न केला. डोक्यात हॉलमधला हशा आला, एसटीचा आवाज आला, माझी ती बढाई आली, सूर तेवढा आला नाही. लांबून स्टेशनात शिरणाऱ्या मालगाडीचा हॉर्न झाला. याकोब वाट बघत होता.

"वाजीव की," तो हळू म्हणाला. इतकं हळू बोललेलं त्याला मी बऱ्याच वर्षांत ऐकलं नव्हतं.

मग मी डावा हात हवेत धरला, तिथे गिटारचा दांडा असल्यासारखा, आणि उजव्या हाताची बोटं हलवायला लागलो. कशीही. मनाला येतील तशी. याकोब त्यांच्याकडे बघत होता. त्याची मान हलायला लागली, संथ, तालात. चेहरा सैल झाला. जिथे माझी धार संपायची नेमक्या त्या जागी त्यानं मान उचलली आणि तो पुन्हा ‘आई...’ म्हणून उठला, आणि गाणं शेवटपर्यंत घेऊन गेला.

"झकास!" संपल्यावर तो ओरडला आणि माझ्या पाठीत थाप मारली. "धार अजून तशीच हाय लेका तुझी!"

मी मान डोलावली. दुसरं काय करणार होतो?

परतीच्या एसटीत कानाला लावून मी ते रेकॉर्डिंग ऐकलं. याकोबचा आवाज स्वच्छ आलाय, कुठेही घरघर नाही. मधे एक रिकामी जागा आहे. तिच्यात मालगाडीचा हॉर्न आहे, एस्तेरवहिनींचं नाक ओढणं आहे, याकोबचं ‘वाजीव की’ आहे, आणि मग बराच वेळ काहीच नाही. ती जागा आली की मी आवाज वाढवतो. त्यानं तिथे काहीतरी ऐकलं होतं. राहुरी गेली, नगर आलं, मी तेवढाच तुकडा पुन्हा पुन्हा लावत राहिलो. मला अजून आठवलेलं नाही.